गळ्यासाठी प्रार्थना

२१ ऑगस्ट

आज सकाळी धान्याच्या कोठारावर कामाला जायच्या आधी मी माझ्या मुलीचा, मार्टाचा क्रमांक फ्रिजवर लावला. शाळेतून आलेली चिठ्ठी तळहाताएवढी आहे. बारावीच्या चौतीस मुलांत दुसरी, एवढंच तिच्यावर छापलंय. बियाणं कंपनीनं फुकट दिलेलं मक्याच्या कणसाचं चुंबक होतं, त्याखाली ती बसवली. बढाई म्हणून नाही, हरवू नये म्हणून.

"हरवायला तिला पाय आहेत का?" कॉनी म्हणाली. माझी बायको फार बोलत नाही, पण बोलते ते मला दिवसभर पुरतं.

मार्टा नाश्ता करता करता चिठ्ठीकडे बघत होती. म्हणाली, "पहिली यारेत्झी सिस्नेरोस आहे. अगदी थोडक्यात पुढं."

मी म्हणालो, "थोडक्यात म्हणजे भरून काढता येण्यासारखं."

तिच्या वाडग्यातले ओट तसेच राहिले.

जुलैपासून मी शाळा समितीवर आहे. निवडणुकीला माझ्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. बैठकीत मला शब्द उशिरा सुचतात, म्हणून हे लिहिणं सुरू केलं. मी दोन खोल्यांच्या खेड्यातल्या शाळेत शिकलो. वर्गात पाच जण, पहिला आणि पाचवा एकाच बाकावर. आम्हाला कुणी क्रमांक दिला नाही आणि कुठल्या कॉलेजनं विचारलाही नाही. मार्टाचं तसं होऊ नये. पूर्वेकडच्या ज्या कॉलेजात तिला जायचंय तिथं ब्लूमफेल्ड हे गावाचं नाव आहे की आडनाव, हेही कुणाला ठाऊक नसेल. पण चौतिसांत दुसरी म्हणजे काय ते कुणालाही कळतं.

३० ऑगस्ट

मार्टानं शाळेतला गायनवृंद सोडला. गळा दुखतो म्हणाली. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, डॉक्टर आराम करायलाच सांगणार. आणि संध्याकाळी दोन वाट्या आइस्क्रीम खाल्लं.

आमच्या घरात गळा दुखतो म्हणून गाणं सोडलेलं मी ऐकलेलं नाही. माझे वडील न्यूमोनियातही खर्जात गुणगुणत होते. चर्चमध्ये आम्ही वाद्य वाजवत नाही. चार आवाज हेच आमचं वाद्य. मार्टा आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज; पुरुषांतला वरचा तो टेनर, खालचा माझा खर्ज. बारा वर्षांची झाल्यापासून ती दुसऱ्या बाकावर म्हाताऱ्या हुल्डा श्रागच्या शेजारी उभी राहून गाते.

गायनाच्या बाई मिसेस जँत्झ हिला काही लागट बोलल्या असणार. त्या फार कडक आहेत. विचारायला हवं, पण कसं विचारायचं?

८ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते मला आवडलं नाही. का आवडलं नाही ते मात्र सांगता येत नाही.

प्रार्थनेआधी पाळक विचारतात, कुणाला काही आनंदाचं किंवा चिंतेचं सांगायचंय का. आई काठी टेकून उठली आणि म्हणाली, "आमच्या मार्टाचा गळा बसलाय. तिच्यासाठी प्रार्थना करा." मग सगळ्यांनी केली. जवळजवळ दोनशे माणसांनी डोळे मिटून एका गळ्यासाठी मागणं मागितलं. मी डोळे किंचित उघडे ठेवले. मार्टाचे पूर्ण उघडे होते. ती समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होती आणि कानांपर्यंत लाल झाली होती.

नंतर बायकांनी तिला घेरलं. एकीनं मध, एकीनं बडीशेपेचा अर्क. हुल्डा श्राग म्हणाली, "कांदा चिरून साखरेत ठेवायचा आणि सुटलेला पाक प्यायचा. उद्या बरणी आणून देते. हसू नकोस, माझ्या तिन्ही नवऱ्यांना दिलाय."

"आणि ते कुठं आहेत आता?" माझा भाऊ म्हणाला.

"ते गळ्यानं नाही गेले," हुल्डा म्हणाली.

सगळे हसले. मार्टा हसली नाही. आजारी माणसाचं कौतुक होतं तेव्हा त्याला बरं वाटतं. ही शिक्षा झाल्यासारखी दिसत होती. कुठंतरी पाणी मुरतंय.

१६ सप्टेंबर

समितीची बैठक. मुख्याध्यापक कोल्बे यांनी प्रस्ताव आणला: यापुढे शाळेनं कॉलेजांना मुलांचा क्रमांक कळवू नये. गुण कळवावेत, विषय कळवावेत, क्रमांक नको. मतदान जानेवारीत.

मी विचारलं, "का?"

"वर्ग लहान आहे," कोल्बे म्हणाले. "चौतीस मुलांत पाचवी आलेली मुलगी दुसरीइतकीच हुशार असते. कॉलेजला मात्र ती पाचवी दिसते. शिवाय क्रमांकापायी मुलं काय काय सोडतात ते बघा."

काय सोडतात ते त्यांनी सांगितलं नाही. टेबलावरची पेन्सिल सरळ केली. मला गुळमुळीत बोलणारा माणूस आवडत नाही.

कोल्बे दोन वर्षांपूर्वी शहरातून आले. कार्यक्रमांत सगळे उभं राहून गातात तेव्हा त्यांचे ओठ हलत नाहीत. आणि त्यांच्या प्रस्तावावर मान डोलवत होते समितीचे अध्यक्ष डॉ. हार्म्स, गावाचे दातांचे डॉक्टर. त्यांचा मुलगा ब्रॉक मार्टाच्याच वर्गात आहे आणि खालून मोजलं तर लवकर सापडतो. क्रमांक कॉलेजात गेलाच नाही तर ब्रॉक काय आणि मार्टा काय, दोघंही "ब्लूमफेल्डचे विद्यार्थी".

मी घरी येऊन कॉनीला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुला प्रत्येक डाळीत काळंच दिसतं."

"कधी कधी असतंच."

"कधी कधी," ती म्हणाली, "आणि कधी कधी ते मिरं असतं."

४ ऑक्टोबर

ज्वारीची कापणी जोरात आहे. दिवसभर कोठारावर गाड्यांची रांग. तरीही रोझाल्बा सिस्नेरोसनं मला गाठलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते; यारेत्झी तिची मुलगी. कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आली होती, पण पोतं उचलण्याआधी म्हणाली, "गेलनभाऊ, क्रमांक बंद करणार म्हणे तुम्ही लोक."

"मी नाही," मी म्हणालो. "मी विरोधात आहे."

"हो का?" तिनं मला नीट न्याहाळलं. "मग ऐका. तुमच्या लोकांच्या पोरी उन्हाळ्यात चर्चबरोबर आफ्रिकेत विहिरी खणून येतात. अर्जात लिहायला बरं पडतं. माझी उन्हाळ्यात मोटेलच्या चादरी धुते. ते कोण वाचणार? तिच्याकडे एकच गोष्ट आहे. ती पहिली आहे. तो एक आकडा तुम्ही फळ्यावरून पुसला, तर तिच्याकडे उरतं काय?"

मी म्हणालो, "पुसू देणार नाही."

"तुमची दुसरी आहे ना?" ती हसली. "मग माझ्या पोरीपेक्षा तुम्हालाच जास्त काळजी."

पोतं मी गाडीत टाकून दिलं. बोलली ते खरं होतं. हसली ते मात्र आवडलं नाही.

१७ ऑक्टोबर

आज शाळेत गेलो. समितीचा सदस्य म्हणून छताची गळती बघायला, असं सांगून. गळती बघितलीही. पण खरं म्हणजे मला तिसरा तास बघायचा होता, गायनाचा.

मार्टा अभ्यासिकेच्या खोलीत होती. या खोलीत कुणी शिकवत नाही. तिच्याबरोबर आणखी तिघं. एक मुलगा खिडकीशी बसून बोटानं बाकावर ताल धरत होता आणि मार्टा त्याच्याकडे बघत होती. अच्छा, म्हणजे गळ्याचं दुखणं हे आहे तर. मला सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला.

भिंतीपलीकडून गाणं ऐकू येत होतं. आल्टोचा आवाज पातळ होता. मी ऐकत उभा असताना मागून कोल्बे आले.

"गळती सापडली?" त्यांनी विचारलं.

"छताची सापडली."

"गायनाच्या खोलीतही डोकावून जा," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी तिथं खुर्च्या कमी पडायच्या, असं म्हणतात."

विषय बदलण्यात हा माणूस पटाईत आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

आईनं पुन्हा प्रार्थना मागितली. दर रविवारी मागते आहे. पाळक आता तिच्या उठण्याआधीच "आणि मार्टाचा गळा" असं म्हणतात. मार्टा चर्चमध्येही गात नाही, पण दुसऱ्या बाकावरची तिची जागा हुल्डा श्रागनं कुणाला दिलेली नाही. तिथं ती आपली पर्स ठेवते.

मार्टा जेवणानंतर बाहेर जाते. कोंबड्यांना बघून येते म्हणते. कोंबड्यांना बघायला इतका वेळ लागत नाही.

देवा, माझ्या मुलीला खोटं बोलणं कुणी शिकवलं ते मला दाखव.

१९ डिसेंबर

पूर्वेकडच्या कॉलेजचं उत्तर आलं. नकार नाही, होकारही नाही. हिवाळ्यातले गुण आणि नवा क्रमांक बघून ठरवू, असं. शाळेचे कागद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जातील. म्हणजे आता सगळं त्या आकड्यावर आलं आणि जानेवारीत कोल्बे तो आकडाच थांबवायला निघालेत. वेळ बरोबर साधली त्यांनी.

मार्टानं उत्तर वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मी म्हणालो, "यंदाचे गुण चांगलेच असणार तुझे."

"असणार," ती म्हणाली. "दुसरं काही केलंच नाही मी."

शाळेचा नाताळचा कार्यक्रम तिनं प्रेक्षकांत बसून ऐकला. माझ्या शेजारीच होती. ओठ घट्ट मिटलेले, पण गळ्याची शीर हलत होती. सगळ्या जागा तिला पाठ होत्या.

९ जानेवारी

आज मोठं घडलं. सगळं लिहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

नवा क्रमांक आला. मार्टानं दारातूनच सांगितलं. "दुसरी."

मी विचारलं, "किती फरकानं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, दप्तर खाली ठेवलं आणि कोट न घालता बाहेर गेली. कॉनी सिंकपाशी होती. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "जा."

मला वाटलं, आता तो मुलगा कोण ते कळेल. अंगणापलीकडे आमची जुनी पत्र्याची कणगी आहे, वडिलांच्या वेळची. हल्ली सगळा माल कोठारावर जातो, ती रिकामीच असते. दार अर्धं उघडं होतं. अंधारून येत होतं. आतून आवाज आला, एकटीचा.

ती गात होती. गळ्याला काही झालेलं नव्हतं. नाताळात ऐकलेलंच भजन, पण त्यातला आल्टो. चार आवाजांतला हा मधला आवाज एकटा गायला की त्याला चाल नसते. दोन-तीन सुरांभोवती तो घोटाळत राहतो, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. कणगीचा गोल पत्रा तो आवाज फिरवून परत देत होता आणि ती स्वतःच्याच आवाजाबरोबर गात होती.

मी ठरवलं नव्हतं, पण दुसऱ्या कडव्यात माझा खर्ज त्याखाली गेला. ती थांबली.

"बाबा?"

"हं."

"कोट आणलात माझा?"

आणला नव्हता. माझा काढून दारातून आत दिला. आम्ही पत्र्याला टेकून उभे राहिलो, ती आत, मी बाहेर.

"गळा?" मी विचारलं.

"गळ्याला काय धाड भरलीये."

"मग सोडलंस का?"

"तुम्हाला खरंच माहीत नाही? समितीवर आहात ना तुम्ही?"

मग तिनं सांगितलं. अवघड विषयात 'ए' मिळाला तर पाच मोजतात. साध्या विषयात 'ए' मिळाला तर चार. गायन साधं. सगळ्यांची मग सरासरी काढतात. ज्याची सरासरी साडेचारावर आहे त्याला गायनात चार मिळाले की तो खाली येतो.

"पूर्ण गुण मिळाले तरी?"

"पूर्णच मिळतात ना. दर वर्षी मिळाले. दर वर्षी खाली आले."

"आणि त्या रिकाम्या खोलीत बसलं की?"

"तिथं गुणच नसतात. नसलेल्या गुणांनी कुणी खाली येत नाही." ती जराशी हसली. "आम्ही चौघं बसतो. दोन आल्टो, एक टेनर, आणि तो फ्रीझनांचा मुलगा, त्याचा ड्रम सुटलाय. चौघांचं मिळून एक भजन होईल. पण कुणी सुरू करत नाही."

"तुला कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाही."

मग ती म्हणाली, "दारातून मी सांगितलं, दुसरी. तुम्ही काय विचारलंत?"

मी काय विचारलं ते मला आठवत होतं.

"आणि आता अख्खं चर्च त्या गळ्यासाठी प्रार्थना करतंय," ती म्हणाली. "आजी उठली की मला जमिनीत जावंसं वाटतं. हुल्डाआजीचा पाक मी बरणीभर प्यायलेय, बाबा. आता देवाला तरी काय सांगू?"

घरात आलो तेव्हा बोटं गार पडली होती. फ्रिजसमोर उभा राहिलो. नव्या चिठ्ठीसाठी मी जुनीच्या वर जागा करून ठेवली होती. कधी केली ते आठवेना.

१२ जानेवारी, रविवार

काल मार्टाला म्हटलं, उद्या सांगून टाकू. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. मी उठले तर रडेन."

आई काठी टेकून उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, बस जरा." आणि मी उठलो. इतकी वर्षं या चर्चमध्ये गातो आहे, पण एकट्यानं बोललो नव्हतो.

म्हणालो, "मार्टाचा गळा बरा आहे. तो बिघडलाच नव्हता. तिनं गाणं सोडलं ते शाळेतल्या एका आकड्यासाठी. आणि तो आकडा तिच्यापेक्षा मला जास्त हवा होता. तुम्ही इतके दिवस प्रार्थना केलीत. ती ज्याला लागू पडायची त्याला पडली, असं धरा."

बसलो. मग हुल्डा श्रागनं आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मागं न बघता शेजारची जागा दोनदा थोपटली. मार्टा उठून गेली.

बाहेर आल्यावर हुल्डानं तिला गाठलं. "आणि माझा पाक?"

"प्यायले. सगळा."

"मग शिक्षा झाली," हुल्डा म्हणाली. "पुढं बोलायचं नाही."

आई मात्र दुपारी आमच्याकडच्या एकावर एक गोळा ठेवून भाजलेल्या दोन मजली पावाला लोणी लावताना म्हणाली, "मी प्रार्थना खरीच मागत होते हो, गेलन." एवढंच. उद्यापासून मार्टा पुन्हा तिसऱ्या तासाला गाणार.

१५ जानेवारी

कोल्बेंकडे गेलो. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. तिसऱ्या तासाला त्या खोलीत कोण बसतं ते मीच बघतो."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत?"

"नावं घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं आणि नावं गावभर झाली असती. त्यातलं एक तुमच्या घरातलं." त्यांनी डोकं तिरकं केलं. ते नेहमी असं करतात. आज कळलं की त्यांचा डावा कान लहानपणापासून गेलेला आहे. सूर सापडत नाही म्हणून गात नाहीत.

मी म्हणालो, क्रमांक बंद केला तर रोझाल्बाच्या मुलीसारख्यांचं काय? ते म्हणाले, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रामाणिकपणे म्हणाले. मग मला कोठारावरची गोष्ट आठवली. ओला माल आला की त्याचं वजन आहे तसं धरत नाहीत, ओल वजा करतात. मी विचारलं, "ज्या तासाला चाराच्या वर मिळूच शकत नाहीत, तो तास मोजलाच नाही तर? गायन, वादन, सुतारकाम. क्रमांक पाठवायचा, पण त्यांना बाहेर ठेवून."

कोल्बे संगणकाकडे वळले. आकडे हलले. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला.

मार्टा पहिली. थोडक्यात नाही, चांगली पुढं.

"कागद अजून गेलेले नाहीत," ते म्हणाले. "समितीनं मान्य केलं तर यंदाच लागू होईल." आणि पुढं म्हणाले, "तुम्ही हा प्रस्ताव मांडलात तर लोक काय म्हणतील, माहीत आहे ना?"

"मी तुमच्याबद्दल जे म्हणत होतो तेच."

"माझ्याबद्दल काय म्हणत होतात?"

"ते राहू द्या," मी म्हणालो.

पण ती पहिली आहे. गाऊनसुद्धा पहिली. हा हिशोब मी बनवलेला नाही आणि खोटाही नाही. मग मी तो कुणापासून लपवतोय? घरी येईपर्यंत दोनदा पटलं आणि दोनदा उलटलं.

२२ जानेवारी

या गावात बातमीला दार लागत नाही. रोझाल्बा कोठारावर आली. आज खाद्य घ्यायला नाही.

"गाणं मोजायचं नाही म्हणे," ती म्हणाली.

"अजून ठरलं नाही."

"माझी पोर गात नाही असं वाटतं का तुम्हाला? भांडी घासताना गाते. कपडे वाळत घालताना गाते. नववीत मिसेस जँत्झ स्वतः घरी आल्या होत्या तिला मागायला. मीच म्हटलं, नको बाई, तो तास तुला खाली ओढेल, तू वर राहा. नियम वाचून म्हटलं. तुम्ही कुणी वाचला नव्हतात, कारण तुम्हाला गरज नव्हती. तिनं चार वर्षं गाणं सोडलं, गेलनभाऊ. तुमचीनं चार महिने." तिनं मफलर घट्ट केला. "आता नियमच फिरवा. घरचाच आहे."

ती गेली. इतके महिने मी सगळ्यांकडे ज्या नजरेनं बघत होतो, ती नजर बाहेरून कशी दिसते ते आज बघितलं.

२५ जानेवारी

मार्टाला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर तेही खोटंच झालं असतं.

"मी पहिली आले असते?" तिनं विचारलं.

"नव्या हिशोबानं, हो."

"गाऊनसुद्धा?"

"गाऊनसुद्धा."

ती हसायला लागली आणि मग हसणं कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते कळलं नाही. मी रोझाल्बा काय म्हणाली तेही सांगितलं. यारेत्झीला मागायला बाई घरी गेल्या होत्या हे मार्टालाही ठाऊक नव्हतं.

"मग मी काय म्हणायचं?" ती रागानं म्हणाली. "तिलाच पहिली राहू द्या म्हणायचं? म्हणजे तुम्हाला बरं वाटेल? समितीवर तुम्ही आहात, बाबा. मी नाही." आणि वर निघून गेली.

बरोबर आहे तिचं. जी गोष्ट माझी आहे ती पुन्हा तिच्या गळ्यात घालायला निघालो होतो.

प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. कदाचित ते आधीच मला मिळालेलं होतं आणि मला दुसरं हवं होतं.

२७ जानेवारी

बैठक. एरवी समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. आज पाच-सहा माणसं होती. रोझाल्बा मागच्या रांगेत, हाताची घडी घालून. शेजारी यारेत्झी. मार्टा येणार नाही म्हणाली होती.

कोल्बेंनी आपला प्रस्ताव मागं घेतला. डॉ. हार्म्स म्हणाले, बरं झालं, विचार केल्यावर मी विरोधातच मत देणार होतो. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "काय झालं, गेलन? आमचा ब्रॉक वेल्डिंग शिकायला चाललाय. त्याचा क्रमांक विचारणारं कॉलेज अजून जन्मलेलं नाही. तुला काय वाटलं?"

"काही नाही," मी म्हणालो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून कोल्बे पेन्सिल सरळ करताना दिसले.

मग मी उठलो. शब्द लिहून आणले होते. आधी मी कोल्बेंना एक प्रश्न विचारला: "आपल्या शाळेत एखाद्या मुलीला गायनात पूर्ण गुण मिळाले, तर तिचा क्रमांक वर जातो की खाली?"

"वर असलेल्या मुलीचा खाली जातो," कोल्बे म्हणाले.

टेबलाभोवती समितीची सात माणसं, सातही चर्चमध्ये गाणारी. त्यातल्या आमच्या चर्चच्या टेनरनं चष्मा काढला. "खाली?" तो म्हणाला. "गाऊन?" कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांच्या घरी गाणं आपोआप येतं त्यांनी ते मोजून कधी बघितलंच नव्हतं.

मी प्रस्ताव मांडला. क्रमांक कॉलेजांना पाठवत राहायचा, कारण काही मुलांकडे स्वतःची ओळख द्यायला तेवढंच असतं. पण ज्या तासाला चाराच्या वर मिळत नाहीत, तो त्यात धरायचा नाही. म्हणजे कुणाला गाऊन खाली यावं लागणार नाही आणि वर राहायला गप्प बसावं लागणार नाही. अनुमोदन टेनरनं दिलं.

मागं दार वाजलं. मार्टा आली होती, अजून कोटातच. ती भिंतीला टेकून उभी राहिली. बसली नाही.

डॉ. हार्म्स म्हणाले, "हे चांगलं आहे. कागद पुढच्या आठवड्यात जायचेत. यंदापासूनच धरू या ना?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ते माझे मित्र आहेत, यंदाच धरलं तर मार्टा पहिली हे त्यांनी ओळखलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. रोझाल्बाही माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती. मी मार्टाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते ओझं पुन्हा तिच्यावर टाकल्यासारखं झालं असतं.

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी पेन वर केलं. "गेलन, प्रस्ताव तुझा आहे. कधीपासून लिहू?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षापासून."